जाबदेणार क्रमांक एक

२१ जानेवारी

प्रिय बारके,

नोटीस मिळाल्याची पोचपावती आली. तिच्यावर तुझी सही आहे, म्हणजे तू घरी होतीस. फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहितेय. फोन कापता येतो, पत्र आधी फोडावं लागतं आणि फोडलं की माणूस चार ओळी वाचतोच.

आधी त्या नोटिशीचं. तिच्यात तू 'जाबदेणार क्रमांक एक' आहेस. तू शिकवतेस ती ड्रायव्हिंग स्कूल क्रमांक दोन, विमा कंपनी क्रमांक तीन. मी अर्जदार. 'बेदरकारपणे, निष्काळजीपणे, रहदारीच्या नियमांना न जुमानता' हे शब्द माझे नाहीत. वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये ते आधीपासून असतात, नाव तेवढं बदलतात. तुझ्याआधी तिथे एका टँकरवाल्याचं नाव होतं. पान दोनवर एके ठिकाणी तुझ्या छोट्या गाडीला 'सदर टँकर' म्हटलंय, ते दुरुस्त करायला सांगितलंय.

वकिलानं मला समजावलं ते तुलाही समजावते, कारण तू नोटीस अर्धी वाचून ठेवून दिली असशील. अपघात झाला, हाडं मोडली, एवढ्यानं कुणी पैसे देत नाही. म्हणजे देतात, पण मलमपट्टीपुरते. भरपाई हवी असेल तर चूक लागते आणि ती कुणाची तरी लागते. देवाची चालत नाही, कारण देवाचा विमा नाही. रस्त्याची चालत नाही, कारण रस्ता कुणाचा हे ठरवण्यात दोन खात्यांची हयात जाते. उरतो गाडी चालवणारा. तो चुकला असं ठरलं की पैसे विमा कंपनी देते, चालवणाऱ्याच्या खिशाला हात लागत नाही. वकील म्हणाला, "ताई, हे सगळं कागदावर असतं. नवरे बायकांवर करतात, आया मुलांवर करतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात." मी म्हटलं, आमच्यात एकत्र जेवण तसंही कमीच.

घटना कागदावर कशी आहे तेही बघून घे. सतरा सप्टेंबर, दुपारी अडीच. स्कूलची गाडी, टपावर पाटी असलेली. तू चालवत होतीस, मी शेजारी. आईची कवळी आणायला निघालो होतो. डेपोजवळच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला, गाडीला अचानक करकचून ब्रेक लागला. रस्त्यावर खडी होती. गाडी फिरली आणि माझ्या बाजूनं खांबावर आदळली. माझा डावा हात खिडकीवर होता. तुला ओरखडा नाही, सायकलवाला मागे वळूनही न बघता गेला. कवळी दुसऱ्या दिवशी शेजारणीनं आणली.

कोर्टात तुला एवढंच म्हणायचंय की ब्रेक तुझ्याकडून जोरात लागला. एक वाक्य. त्यानं तुझ्या लायसन्सला काही होत नाही असं वकील म्हणतो. नक्की ना, असं विचारलं तर म्हणाला, शक्यतो.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. अर्जदारानं जाबदेणाराकडे लोभ मागावा का, हे विचारायचं राहिलं.

ताई


१८ फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर नाही. म्हणजे पत्र वाचलंस.

गेल्या आठवड्यात माझं मोजमाप झालं. सरकारी दवाखान्यात एक समिती असते, ती माणूस किती टक्के निकामी झाला ते ठरवते. बाहेरच्या बाकावर आम्ही अकरा जण होतो. तिथे टक्क्यांच्या गप्पा चालतात, दहावीच्या निकालाच्या दिवशी चालतात तशाच, इथेही जास्त पडलेल्याचं कौतुक. एका गुडघेवाल्याला चाळीस मिळाले होते, तो सगळ्यांना मार्गदर्शन करत होता. "विचारलं की लगेच वाकवायचं नाही," म्हणाला. "आधी तोंड करायचं."

मला तोंड करता आलं नाही. डॉक्टरनं कंपासपेटीत असतो तसला कोनमापक बोटांना लावला. मधलं, अनामिका, करंगळी. तिन्ही बोटं त्यानं ढकलली तेवढीच गेली.

"उजव्या हाताच्याच ना तुम्ही?"

"हो."

"मग नशीबवान आहात. एकोणीस टक्के."

त्याला सांगून उपयोग नव्हता, तुला सांगते. गणवेशाच्या कारखान्यात कापड कापणाऱ्या बाईचा उजवा हात मशीन पुढे ढकलतो. ते काम कुणीही करेल. डावा हात चाळीस थर कापड दाबून धरतो. खालचा थर नखभर सरकला तर चाळीस पोरांच्या बाह्या आखूड होतात आणि चाळीस आया कारखान्यावर येतात. अठरा वर्षांत माझ्याकडून एक बाही आखूड गेली नाही. पण डावा हात फुकट राबतो अशी दुनियेची समजूत आहे, कोनमापकाचीही तीच.

मालकीणबाईंनी मला सध्या साइजचे बिल्ले टाचायला बसवलंय. 'शाळा सुरू होईपर्यंत बघू,' म्हणाल्या. त्या 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांनी आधीच बघितलेलं असतं. कापड स्वतः दाबून धरणारं एक टेबल येतं, शिकंज्याचं. ते घरी टाकलं तर मला कुणाच्या बघण्याची गरज उरणार नाही. भरपाई कशाला हवी, असा प्रश्न तुला पडला असेल तर त्याचं उत्तर सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. या वयात बिल्ल्यांवर दोघींचं घर चालत नाही, आणि आईची औषधं तुला माहीत आहेत.

विमा कंपनीचा तपासनीस येऊन गेला. अंगानं काडी, हातात पुठ्ठा. चहा नको म्हणाला, पाणी नको म्हणाला. असली माणसं नोकरीत फार वर जातात.

"तुम्ही गाडीत कुठे बसला होता?"

"शेजारी."

"म्हणजे शिकवणाऱ्याच्या सीटवर."

"तसं तिच्यावर लिहिलेलं नव्हतं."

"शिकवायच्या गाडीला त्या बाजूलाही ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर शिकवणाऱ्यानं दाबायला. माहीत होतं?"

"माझी बहीण बावीस वर्षं तिथे बसते. माहीत असणारच."

"त्या वेळी तुमचे पाय कुठे होते?"

"दोन्ही बरोबर आणले होते."

तो हसला नाही. लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

रविवारी तू आईशी फोनवर बोलतेस. त्यामुळे तू हल्ली गाडीत बसत नाहीस, स्कूलच्या ऑफिसात फॉर्म भरून देतेस, हे मला कळतं. चार दिवस विश्रांती वाईट नाही.

ताई


१५ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. 'परवाना'तला न तू नेहमीसारखा बाणाचा काढलायस.

तू लिहितेस, ब्रेक दाबल्याचं तुला आठवत नाही. सायकलवाला तुला दिसला होता, तू वेग कमी केला होतास, तो आरामात निघून जाणार होता. तरी ब्रेक लागला. 'गाडी मीच चालवत होते, म्हणजे माझ्याच पायानं दाबला. आपला पाय काय करतो हे ज्या बाईला कळत नाही, तिनं शिकणाऱ्या पोरांच्या शेजारी बसू नये. कोर्टात तुला हवं ते सांगते. सुनावणी झाली की शिकवायचा परवाना परत करणार आहे.' पुढे आईच्या गोळ्यांची वेळ बदललीय का, असं विचारलंयस. बदललीय. रात्रीची आता दुपारी.

पत्र वकिलाला दाखवलं. तो इतका खूश झाला की त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. आजवर मागवला नव्हता.

"बहिणी असाव्यात तर अशा," म्हणाला.

"तिचा परवाना जाईल."

"जाणार नाही हो. त्या स्वतःहून देतायत."

"फरक काय?"

"कायद्यात फार मोठा फरक आहे, ताई. गेला तर त्याची जबाबदारी कुणावर तरी येते. दिला तर नाही येत."

चहा बरा होता.

परवाना परत करायची घाई करू नकोस, एवढंच मी सुचवेन. असल्या अपघातानंतर आठवणींचा भरवसा नसतो, असं डॉक्टरही म्हणतात. माझंही त्या वेळचं थोडं धूसर आहे. (मधे खोडलंय ते शाई फुटली म्हणून.)

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. कवळी वाटीत ठेवून ऐकत होती, म्हणजे मन लावून. मग म्हणाली, "तिचा पाय? ती पोरगी झोपेतसुद्धा पांघरूण लाथाडायची नाही. लाथा तू मारायचीस. तुझ्या शेजारी निजून तिच्या बरगड्या काळ्यानिळ्या झालेल्या असायच्या."

मी म्हटलं, "आई, तू पड आता जरा."

सकाळचे अकरा वाजले होते.

ताई


२४ मे

बारके,

शेजारी बसणाऱ्याच्या पायाला तुमच्या धंद्यात काही नाव आहे का? म्हणजे जो माणूस गाडी चालवत नाही, पण समोर काही आलं की पाय रोवतो. मी तीस वर्षं रोवतेय. रिक्षात रोवते, बसमध्ये रोवते. ह्यांच्या जुन्या गाडीत माझ्या बाजूच्या चटईला टाचेखाली भोक पडलं होतं. हे म्हणायचे, "तू दाबत जा, मी थांबवत जातो." ते होते तोवर तसंच चाललं आणि कुणाला काही झालं नाही. कारण तिथे पायाखाली चटईशिवाय काही नसतं.

सतरा सप्टेंबरला होतं.

सायकलवाला मलाही दिसला. तो तुला माझ्याआधी दिसलाय, हे मात्र दिसलं नाही. तुला काही माझ्याआधी दिसू शकतं, हे मी कधी धरूनच चाललेले नाही. तू बावीस वर्षांत शेकडो पोरं रस्त्यावर आणलीस, त्यांतलं एकही खांबावर गेलं नाही, आणि तुझ्या शेजारी बसून मी तुला "अगं, सायकल" म्हणाले. ते म्हणतानाच पाय गेला. चपलेखाली रबराच्या रेघा लागल्या आणि पाय खाली गेला. चटई खाली जात नाही. म्हणजे मला खांबाच्या आधी कळलं होतं. धूसर वगैरे काही नाही.

दवाखान्यात पहिलाच प्रश्न आला, गाडी कोण चालवत होतं? बहीण, मी म्हटलं. खरंच आहे. ब्रेक अचानक लागला का? लागला. तेही खरं. कुठलाही कागद काढून बघ, माझ्या तोंडचं एक वाक्य खोटं सापडणार नाही. सांगायचं तेवढं राहत गेलं, आणि दर महिन्याला त्याच्यावर एक नवा शिक्का बसत गेला. तू कधी पायाबद्दल बोलशील, भांडशील, 'ताई, तूच दाबलास' म्हणशील, अशी मी वाट बघत होते. तू भांडली असतीस तर मी नाकारलं असतं आणि आपलं नेहमीसारखं झालं असतं. तू स्वतःवर घेशील, हे माझ्या हिशोबात नव्हतं.

तर तुझ्या पायाला काही झालेलं नाही. परवाना परत करू नकोस.

सुनावणी नऊ जूनला आहे. तिथे मी काय सांगणार, हे मी ठरवलेलं नाही. तेही लिहून टाकते, नाहीतर तुझा समज होईल की मला उपरती झालीय. मला ते पैसे हवेत. मालकीणबाईंनी नवी कापणारी आणलीय. तिला दोन हात आहेत आणि ती तिशीत आहे. परवा तिनं मला विचारलं, "मावशी, तुम्ही पूर्वी काय करायचात?"

वकिलाला मी उदाहरणादाखल विचारून बघितलं, समजा शेजारी बसलेल्यानंच ब्रेक दाबला असेल तर? त्यानं दार लावून घेतलं. म्हणाला, "मग चूक त्याचीच, आणि स्वतःच्या चुकीची भरपाई जगात कुणी देत नाही. हे उदाहरण माझ्या ऑफिसात पुन्हा द्यायचं नाही."

हे पत्र तू त्याला दाखवू शकतेस. विमा कंपनीला दाखवलंस तर ते तुला चहा देतील.

ताई


९ जून

बारके,

तू कोर्टाच्या बाहेर होतीस, आत काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, एकाचं ऐकून दुसरा शहाणा होतो म्हणून.

माझा नंबर साडेअकराला येणार होता. अकराला मी वरच्या मजल्यावर व्हरांड्याच्या खिडकीशी उभी होते. तू समोर बसमधून उतरलीस आणि चौकात येऊन थांबलीस. माणसांचा सिग्नल हिरवा झाला. सगळे गेले, तू उभीच. पुन्हा हिरवा झाला. तिसऱ्यांदा झाला तेव्हा एका म्हाताऱ्यानं तुला काहीतरी विचारलं, तू मान हलवलीस आणि त्याच्या मागोमाग, त्याच्या पावलांवर नजर ठेवून आलीस. माझं पत्र तुला मिळून आठवडा झाला होता. तुझा पाय निर्दोष आहे हे तुला कळलेलं होतं. पायाला कळलेलं नव्हतं.

आत गेल्यावर गंमत अशी झाली की मला कुणी काही विचारलंच नाही. मी रात्रभर दोन उत्तरं पाठ केली होती, एक खरं आणि एक चालण्याजोगं, ऐन वेळी तोंडाला येईल ते येईल म्हणून. विमा कंपनीचा वकील सगळा वेळ बोटांवरच होता. भाजी चिरता येते का, वेणी घालता येते का, तीच बोटं लहानपणी कधी दारात सापडली होती का. पायांचं अवाक्षर नाही. तपासनिसाचा कागद त्याच्यासमोर होता, त्यानं तो उलटासुद्धा केला नाही. माझा वकील टेबलाखाली घड्याळ बघत होता. पुढची साक्ष तुझी, तुझं एक वाक्य, आणि टेबल घरी.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

हे त्या सगळ्यांना विचारतात. सगळे नाही म्हणतात.

मी म्हटलं, "ब्रेक मी दाबला."

बाईंनी चष्मा काढला. "कुठला ब्रेक?"

"माझ्या बाजूचा. जाबदेणार क्रमांक एकनं गाडी नीट चालवली होती."

"हे तुम्ही आज सांगताय?"

"हो."

"का?"

त्यांना म्हटलं, इतके दिवस पैसे हवे होते म्हणून. आता नकोत का, त्यांनी विचारलं. म्हटलं, आताही हवेत. टंकलेखकानं ते टाइप केलं आणि हे ठेवायचं का म्हणून बाईंकडे बघितलं. ठेव, त्या म्हणाल्या.

पुढचं तू ऐकलं असशील. तुझी साक्ष झाली नाही, कारण तुझी गरज उरली नाही. मोठा दावा मिटला. गाडीत बसलेल्या माणसाला चूक कुणाचीही असली तरी एक ठरावीक लहान रक्कम मिळते, ती मिळेल असं दिसतंय. दवाखान्याचं बिल निघेल, टेबलाचा एक पायसुद्धा निघणार नाही. माझा वकील व्हरांड्यात म्हणाला, "ताई, मी अठ्ठावीस वर्षं या धंद्यात आहे. अर्जदारानं दावा जिंकायच्या दहा मिनिटं आधी हरल्याचं हे पहिलंच." त्याच्या आवाजात थोडा आदर होता. फी मात्र पूर्ण लागेल.

माझ्या जबाबाची शिक्क्याची नक्कल सोबत जोडलीय. तुझ्या स्कूलच्या मालकाला दाखव. त्यानं तुला ऑफिसात बसवलंय ते ज्या कारणासाठी, ते कारण आता सरकारी कागदावर खोटं ठरलंय.

जिन्याखाली तू जे बोललीस त्याबद्दल. मी म्हटलं, "चल, चहा घेऊ." तू म्हणालीस, "नऊ महिने, ताई. नऊ महिने मी माझ्या पायाकडे बघत होते. रात्री उठून बघायचे." मी म्हटलं, "पत्र लिहिलं होतं ना मी?" "लिहिलंस. मी परवाना परत करतेय असं कळवल्यावर दोन महिन्यांनी." मग तू गेलीस.

घरी न येता मी पुन्हा वकिलाच्या ऑफिसात गेले. त्याला विचारलं, एखाद्या बाईला नऊ महिने स्वतःच्याच पायाची भीती घातली, तिचं काम बंद पाडलं, तर त्याची भरपाई असते का? तो म्हणाला, असते. कमाई बुडाली ती धरता येते, मनस्ताप धरता येतो. अवघड आहे, पण दावा लागतो.

"कुणावर?"

"तुमच्यावर."

"मग लावा."

तो म्हणाला, "असा नाही लागत, ताई. ज्याचं नुकसान झालं त्यानं स्वतः यावं लागतं. त्यांनी यायला हवं, समोर बसून सगळं सांगायला हवं, सही करायला हवी. तुम्ही फक्त जाब द्यायचा."

म्हणून लिहितेय. निदान तेवढ्यासाठी तरी ये.

ताई